चिडचिडीची वेळ ओळखून ठेव

“ताई, माझा स्वभावच चिडका झालाय गं.” हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय. कुणी जालन्यात बँकेत आहे, कुणी भोकरदनला शिक्षिका आहे, कुणी मंठ्याकडच्या गावात घर आणि शेत दोन्ही ओढते. पुढचा सूरही ठरलेला असतो. आधी मी अशी नव्हते, आता लेकरांवर ओरडते, नवऱ्याला तोडून बोलते आणि रात्री पाठ टेकली की रडू येतं. मी त्यांना एकच विचारते. “चिडतेस कधी? किती वाजता?”

पहिलं उत्तर असतं, “दिवसभर.” जरा आठवायला लावलं की ते बदलतं. “दिवसभर असं नाही, पण डबे भरताना.” “दुपारी डोळा लागला आणि कुणी हाक मारली तर.” “दिवेलागणीला, सगळे एकदम घरात आले की.” दिवसभर चिडलेली बाई क्वचितच असते बघ. बहुतेकींची चिडचिड ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या वेळी ओसरते. आज तुझ्याशी हेच बोलायचंय. जी गोष्ट घड्याळ बघून येते तिला स्वभाव म्हणू नकोस. वेळ कळली की तिचा काहीतरी बंदोबस्त करता येतो. स्वभाव म्हणून एकदा मान्य केलं की हातपाय हलवायचेही राहून जातात.

आधी अंगात काय चालतं ते ऐक. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक बारीक पुंजका आहे. हेच शरीराचं मुख्य घड्याळ. साधारण २४ तासांत त्याचा एक फेरा होतो आणि सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोजच्या रोज जुळवलं जातं. पेशींमधलं हे घड्याळ चालतं कसं, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. अंगाची उष्णता पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त असते, ती याच्यामुळे. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात टोकाला जातं आणि मग दिवसभर उतरत राहतं. भूक, झोप आणि तरतरी यांच्याबरोबर मनही याच तालावर वरखाली होतं. आपल्याकडे वाग्भटाने अष्टांगहृदयात दिवसाच्या सुरुवातीला कफ, मधल्या वेळी पित्त आणि शेवटी वात असं सांगून ठेवलंय. त्याची परिभाषा वेगळी आहे, पण माणूस दिवसभर एकसारखा नसतो हे त्याने गृहीतच धरलं होतं.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गोल्डर आणि मेसी या दोघा संशोधकांनी ८४ देशांतल्या सुमारे २४ लाख लोकांचे ट्विटरवरचे संदेश तासाप्रमाणे तपासले. शब्दांमधली प्रसन्नता सकाळी वर होती, दिवस चढला तशी खाली गेली आणि रात्रीकडे पुन्हा वर आली. तू म्हणशील, कामाचा ताण, दुसरं काय? पण सुट्टीच्या दिवशीही चढउताराचा आकार तोच होता. फक्त लोक उशिरा उठत असल्याने सकाळची चढण जवळपास दोन तास पुढे सरकली होती. म्हणजे साहेब आणि सासर यांच्याखेरीज झोप आणि शरीराचं घड्याळ यांचाही आपल्या मूडमध्ये मोठा वाटा आहे.

हे झालं जगाचं सरासरी गणित. आपल्या जालन्याच्या दिवसाला त्याच्या स्वतःच्या अडचणी आहेत. त्या तासातासाने बघू.

सकाळपासून सुरू करते. जाग आल्यावर पहिला अर्धा तास मेंदू पुरता जागा नसतो. डोळे उघडे असतात, पण विचार आणि संयम मागून येतात. नेमक्या याच अर्ध्या तासात आपल्याकडे बाईला सगळ्यात जास्त निर्णय घ्यावे लागतात. भाजी कुठली, डबा कुणाचा, दूध फाटलं का, गणवेश वाळला का. त्यात नळाचा दिवस असेल तर विचारूच नकोस. जालना शहरात पाणी कधी आठवड्याने येतं, कधी त्याहून उशिरा, आणि सुटण्याची वेळ आपल्या हातात नसते. घाणेवाडीचं असो की जायकवाडीहून आलेलं, ते साठवायचं काम घरातल्या बाईचंच. मोटार लावायची, नळी एका ड्रममधून दुसऱ्यात टाकायची, टाकी भरून वाहतेय का बघायचं, हंडे-कळशा घासून भरायच्या आणि पाणी जायच्या आत धुणंही उरकायचं. आदल्या रात्री “पाणी येईल” म्हणून झोप अर्धीच लागलेली असते. अशा सकाळी सात वाजता लेकरू “मला ही भाजी नको” म्हणालं की जो आवाज निघतो तो भाजीवरचा नसतो गं. तो पहाटे चारपासूनचा असतो.

यावर माझं सांगणं असं. पाण्याच्या दिवशी स्वयंपाकाची चैन करायची नाही. त्या दिवशी पोहे किंवा उपमा, डब्याला पोळी आणि शेंगदाण्याची चटणी, हे घरात आधीच जाहीर करून ठेव. सकाळचे निर्णय आदल्या संध्याकाळी घेऊन टाक, म्हणजे पहाटे फक्त हात चालवायचे राहतात. उठल्याबरोबर मोबाईल उघडू नकोस. दोन मिनिटं अंगणात नाहीतर गच्चीवर उजेडात उभी राहा, कारण घड्याळ जुळवणारा तोच उजेड आहे.

आणि हे सगळं तुझ्या एकटीचं काम नाही, हेही स्पष्टच सांगते. २०२४ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटांचा वेळ जातो असं दिसलं आणि पुरुषांचा ८८ मिनिटांचा. म्हणजे तुझे पावणेपाच तास आणि त्यांचा दीड तास. ही तफावत प्राणायामाने भरून निघत नाही. मोटार आणि ड्रम नवऱ्याकडे दे, दप्तर आणि बूट लेकरांकडे दे. एकदाच सांग, शांत वेळी सांग आणि त्यांनी केलेलं काम पुन्हा आपल्या हाताने करायला जाऊ नकोस.

घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर त्याचंही ऐकून घे. पौगंडात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं. रात्री अकरापर्यंत त्यांना खरोखर झोप येत नाही आणि पहाटे पाचच्या क्लासला उठवलं की ती वसकन अंगावर येतात. त्यात उर्मटपणा कमी आणि अपुरी झोप जास्त असते. त्या वेळी शिकवण देऊ नकोस. शिकवण संध्याकाळी जास्त चांगली पोचते.

आता दुपार. एक ते चारच्या दरम्यान तरतरी उतरते, ती जेवणामुळेच असं नाही. जेवण नसलं तरी उतरते, भरपेट भाताने आणखी उतरते. त्यावर आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो, पत्र्याच्या घरात दुपारी छपराखाली डोकं भणभणतं, पंखा गरम वाराच फिरवतो आणि लाईट गेली की तोही बंद. अशा वेळी बदनापूरच्या बागेत मोसंबी तोडणारी असो की जालन्याच्या कार्यालयात फाईल पुढे करणारी, दोघींचाही संयम सारखाच पातळ झालेला असतो. पाणी कमी पडलं तर डोकं दुखतं, लक्ष लागत नाही आणि चिडचिड वाढते. बाहेर असताना स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. संध्याकाळी त्यांचं डोकं ठणकतं आणि राग घरच्यांवर निघतो. ही सवय मोड, बाई. बाटली जवळ ठेव आणि स्वच्छतागृहाची मागणी चौघींनी मिळून मोठ्याने करा.

दुपारी वीस मिनिटं अंग टाकलंस तर त्याला आळस म्हणू नकोस, कुणाला म्हणूही देऊ नकोस. पहाटे चारला उठलेल्या बाईचा तो हक्क आहे. फक्त अर्ध्या तासाच्या वर झोपू नकोस आणि चारनंतर झोपू नकोस, नाहीतर उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप जाते. नोकरी करत असशील तर अवघड बोलणी, हिशेबाचा ताळमेळ, साहेबांपुढे मांडायचा मुद्दा हे सगळं सकाळी अकराच्या आत ने. अडीच वाजता नोंदी कर, कागद लाव. आणि चहा. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा कप रात्री बारालाही निम्मा अंगात असतो. शेवटचा चहा पाचचा ठेव.

माझ्या मते आपल्या दिवसातला खरा अवघड तास दिवेलागणीचा. साडेसहा ते साडेआठ. घरातली सगळी माणसं आपापला दिवस अंगावर घेऊन एकाच वेळी एका खोलीत येतात. तू एक वाजता जेवलेली असतेस आणि रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. मधल्या आठ तासांत पोटात काय जातं? दोन कप चहा. भुकेने रक्तातली साखर उतरली की शरीर तिला वर आणायला जी संप्रेरकं सोडतं ती ताणाचीच असतात. हात थरथरतो, छातीत धडधडतं आणि मन त्याला राग समजून बसतं.

संकष्टीच्या दिवशी हे अगदी जवळून बघायला मिळतं. राजूरच्या गणपतीवर आपल्या जिल्ह्याची किती श्रद्धा, हे तुला सांगायला नको. अंगारकीला तर लोक रात्रीच चालत निघतात. घरोघरी बायकांचा उपवास चंद्रोदयापर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा नऊच्या आसपास. दिवसभरात चहा चार वेळा, दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी सातला पित्ताने छाती जळते, कपाळ ठणकतं, आणि तिथे उकडीचे मोदक करायचे, नैवेद्य करायचा, पुन्हा पोरांचं वेगळं जेवण. देवाच्या दिवशी आपण चिडलो म्हणून वर मनाला अपराधी वाटतं ते वेगळंच. उपवास सोड असं मी म्हणत नाही. श्रद्धा तुझी आहे. पण चहा कमी कर, ताक, शेंगदाण्याचा लाडू, दोन मोसंब्या अशी दर तीन तासांनी पोटाला भर दे. मोदक दुपारीच करून ठेव. गर्भारपणात, अंगावर पाजत असताना किंवा मधुमेह असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारायचंच.

एरवीच्या दिवशीही पाच-साडेपाचला मूठभर फुटाणे, गूळ-शेंगदाणे किंवा अर्धी भाकरी, काहीतरी खा. सगळ्यांना देऊन उरलं तर खाऊ, असं नाही. आधी तू खा. लेकरंही शाळेतून येतात तेव्हा दिवसभर शहाण्यासारखं वागून दमलेली असतात. आईजवळ आली की बांध फुटतो. पहिलं खायला दे, गृहपाठाचं अर्ध्या तासाने विचार. घरात आलेल्या कुणालाही, तुला स्वतःलाही, पहिली दहा मिनिटं प्रश्नांशिवाय मिळू देत. “बिल भरलं का?” हा प्रश्न दारात विचारला तर भांडण होतं. हातपाय धुऊन झाल्यावर विचारला तर उत्तर मिळतं.

म्हाताऱ्या माणसांची संध्याकाळही समजून घे. विसराळूपणाचा आजार असलेल्या वृद्धांची बेचैनी अनेकदा दिवस मावळताना वाढते. सासरे स्वतःच्या घरात बसून “मला घरी नेऊन सोडा” म्हणतात, उठून दाराकडे जातात, आपल्याच माणसावर संशय घेतात. तो हट्ट नसतो, मेंदूच्या आजाराचं लक्षण असतं. वाद घालू नकोस. अंधार पडायच्या आधीच दिवे लाव, टीव्हीचा आवाज कमी कर, हातात हात घे, रोजची आरती किंवा हरिपाठ ओळखीच्या आवाजात लाव. घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल आणि जेवणाच्या आधी अचानक चिडून, घामेजून, असंबद्ध बोलू लागलं तर आधी साखर उतरलीय का बघ. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखर-पाणी दे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात ने.

मग रात्र. दहा वाजता माणूस दिवसभराच्या निर्णयांनी थकलेला असतो, झोप डोळ्यांवर येत असते, आणि नेमके तेव्हाच दोघं पहिल्यांदा निवांत समोरासमोर येतात. म्हणून पैशाचा, जमिनीच्या वाटणीचा, माहेर-सासरचा विषय तेव्हाच निघतो. या वेळेला शब्द जास्त धारदार होतात आणि समोरच्याचा साधा चेहराही रागीट दिसतो. माझा नियम ऐक. रात्री नऊनंतर मोठा विषय काढायचा नाही, निघालाच तर बाजूला ठेवायचा. कसं बोलायचं तेही सांगते. “हे महत्त्वाचं आहे, म्हणूनच आत्ता नको. उद्या सकाळी तुमचा चहा झाला की बोलू.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच बोलायचं. नाहीतर त्यांना ती पळवाट वाटेल आणि पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही. नोकरी सोडायची, माहेरी निघून जायचं, जावेशी कायमचं तोडायचं असले निर्णय तर रात्री घ्यायचेच नाहीत. सकाळी दहा वाजताही तेच पटत असेल तर त्यात तथ्य आहे, मग त्याचा नीट विचार कर.

आपल्या जिल्ह्यात रात्रीला आणखी दोन गोष्टी चिकटलेल्या आहेत. शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी बॅटरी घेऊन कपाशीला, गव्हाला पाणी द्यायला जातो. तो बांधावर जागा, तू घरात साप-विंचवाच्या धास्तीने जागी. दुसरं म्हणजे सळईचे कारखाने. जालन्याच्या एमआयडीसीत भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात, आणि पाळी बदलली की घरातल्या माणसाचं सगळं घड्याळ उलटतं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला कितीही दमलेला असला तरी उजेड त्याला झोपू देत नाही. त्याची झोप दिवसा तुटक होते. त्या आठवड्यात तो तुसड्यासारखा वागला तर भांडणाचा हिशेब त्या आठवड्यात मांडू नकोस. खिडकीला जाड चादर लाव, त्याचा फोन बाजूला ठेव, पोरांना दुपारपर्यंत बाहेरच्या खोलीत खेळव. पाळी बदलली की बोल.

आता थोडं शरीराच्या तपासणीबद्दल. सगळ्याच चिडचिडीचं मूळ दिवसाच्या वेळेत नसतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढणारी आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत ओसरणारी चिडचिड वेगळी. चाळिशीनंतर रात्री घामाने जाग येते, झोप तुटते आणि सकाळ चिडकी जाते, ती पाळी जाण्याच्या काळातली. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं बहुतेकींना होतं. त्याहून लांबलं तर दाखवायला हवं. थायरॉइड बिघडलं तरी मूड बिघडतो, साध्या रक्ततपासणीत ते कळतं. आणि रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दोघींमागे एकीहून जास्त. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, दुपारनंतर उभं राहवत नाही आणि कुणी काही मागितलं की अंगावर काटा येतो. ही बाई चिडकी नसते, तिचं हिमोग्लोबिन नऊ असतं. ते तपासून घे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही, चहा तासभर लांब ठेव. ‘क’ जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, तेव्हा बाजरीची भाकरी, मेथी आणि वर आपली मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तालुक्यातालुक्यात बागा आहेत, पण तोडणाऱ्या बाईच्या ताटात ती किती वेळा येते, हे विचारलंच पाहिजे.

एवढं सगळं ध्यानात कसं ठेवायचं म्हणतेस? स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतंच. त्यात तू दुधाचे लिटर लिहितेस, गॅस लावल्याची तारीख लिहितेस. त्याच चौकटीत रात्री झोपण्याआधी दोन अक्षरं आणखी लिही. राग कधी आला, ‘स’, ‘दु’, ‘सं’ नाहीतर ‘रा’. झोप कमी झाली असेल तर एक टिंब. पाळीचा दिवस तू आधीच खुणावतेस. नळ आला तो दिवसही लिही. महिना उलटला की पान समोर धर. तुला दिसेल की ‘सं’ मंगळवारी आणि शुक्रवारी जास्त आहेत, कारण त्या दिवशी तू दुपारचं नीट जेवत नाहीस. किंवा टिंबाच्या दुसऱ्या दिवशी ‘स’ हमखास आहे. हे पान नवऱ्यालाही दाखव. “तुम्ही समजूनच घेत नाही” यापेक्षा हे पान त्याला लवकर समजेल.

दुसरी सवय, रागाच्या वेळी मनाशी बोलायची. आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. लहानपणी पाठ केलेस ना? मन आणि आपण यांच्यात थोडं अंतर ठेवून त्याला समजावता येतं, हा त्यातला धडा आजही कामाचा आहे. संध्याकाळी सातला डोकं तापलं की मनाला सांग, “सात वाजलेत, तुला भूक लागलीय. आत्ता काही ठरवायचं नाही.” मग पाणी पी, दोन घास खा, दाराबाहेर पाच मिनिटं उभी राहा. राग गिळायला मी सांगत नाही. ज्या कारणासाठी तो आला ते खरं असेल तर उद्या सकाळी ते शांतपणे आणि पूर्ण ताकदीने मांड. तेव्हाच ते ऐकलं जातं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट ऐक. वेळेवर येऊन ओसरणारी चिडचिड वेगळी आणि आजार वेगळा. पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येते, सकाळ सगळ्यात जड वाटते, उठावंसं वाटत नाही, संध्याकाळकडे जरा हलकं होतं. आवडीच्या गोष्टीत रस उरत नाही, भूक जाते, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं. हे दोन आठवडे रोज होत असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. घरातल्या पुरुषांवरही लक्ष ठेव. त्यांचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, रागातून, दारूतून, अबोल्यातून दिसतं. पीक गेलं, कर्ज थकलं आणि शांत माणूस अचानक ताडताड बोलू लागला, तर त्याला भांडकुदळ ठरवायच्या आधी विचार, “तुम्हाला जगणं नकोसं वाटतं का?” असं विचारल्याने कुणाच्या मनात नवा विचार घुसत नाही. उलट मन मोकळं व्हायला वाट मिळते. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी, आणि जालना त्यांत आहे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार होतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेव. आणि घरातला राग मारहाणीपर्यंत जात असेल तर वेळ ओळखण्याच्या या गोष्टी तिथे लागू होत नाहीत. मारणाऱ्याची वेळ सांभाळणं हे तुझं काम नव्हे. १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन कर.

बाकी तुझ्या-माझ्यासारख्या रोजच्या धबडग्यातल्या बायकांना मी एवढंच सांगेन. तू वाईट आई नाहीस, वाईट बायको नाहीस. तुझी झोप कमी पडतेय, पोट रिकामं राहतंय आणि तुझ्या वाट्याला कामं जास्त आलीत. या तिन्ही गोष्टी बदलता येतात. आज रात्री कॅलेंडरवर पहिलं अक्षर लिही, उद्या संध्याकाळी पाचला आधी स्वतः खा, आणि रक्त तपासायला याच आठवड्यात जा. एकटीने जायला नको वाटत असेल तर जावेला सोबत ने, तिचंही तपासून होईल.